कटरच्या घशातली खरखर

दस्तगीरभाईंनी रस्त्यावरून नुसतं ‘जानबाऽ’ म्हटलं की आमचे हे हातातला पाना टाकून उठायचे. आणि मी सोप्याच्या पायरीवर उभी राहून घसा फोडला तरी ह्यांची पाठ काही वळायची नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याला तोंड आणि लग्नाच्या बायकोला पाठ, ही कुठली रीत?

‘अवं, भाकरी निवली!’

पाठ.

‘शेवटची हाय. मी चूल विझवून निघाले!’

पाठ जरा हलली. मला वाटलं वळले. तर बाजूचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत मशिनीत डोकं खुपसून बसले.

त्या वर्षी हे असंच चाललं होतं. गड्यांशी बोलणं बरोबर, हसणं बरोबर. घरात आले की तोंडाला कुलूप. मी काही विचारलं तर ‘हं’. परत विचारलं तर ‘बघू’. एकदा म्हटलं, ‘धाकट्या पोरीला ताप आलाय,’ तर मान हलवून म्हणाले, ‘बाजारादिवशी बघू, स्वस्त मिळाला तर आणू.’ ताप आणणार होते बाजारातून! मी आठ दिवस बोलले नाही. त्यांना त्याचा पत्तासुद्धा लागला नाही, ह्याचा राग वेगळाच.

माझी जाऊ मला म्हणाली, ‘हौसाक्का, घरात घुमा झालेला पुरुष बाहेर कुणाशीतरी बोलत असतोय बघ.’ मी पाळत ठेवली. बाहेर कुणीसुद्धा नव्हतं. नुसते कटर होते.

कटर म्हणजे झाडं तोडायचं पेट्रोलवरचं मशीन. शहरातले लोक त्याला काय म्हणतात ते म्हणोत, आमच्या आजरा-आंबोलीच्या पट्ट्यात सगळे कटरच म्हणतात. आमच्या ह्यांचं नाव जानबा सुतार. सुताराचा मुलगा, पण रंध्यात मन रमलं नाही. तरणेपणी दांडेलीला लाकडाच्या कामावर गेले आणि तिथल्या एका मंगळुरी मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनं उघडायला शिकून आले. मग घराच्या बाजूला पत्र्याची शेड घातली. चंदगडपासून गगनबावड्यापर्यंतचे जुने, टाकलेले, ‘आता भंगारात घाला’ म्हटलेले कटर त्या शेडमध्ये यायचे आणि ओरडत बाहेर जायचे.

ती शेड अजून माझ्या नाकात आहे. पेट्रोल, जळकं ऑइल आणि फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा, ह्या सगळ्यांचा मिळून एक वास असायचा. माहेरी गेले की दोन दिवसांत त्या वासाची आठवण यायची. आईला वाटायचं लेकीला नवऱ्याची आठवण येते. मी तिला तसंच वाटू दिलं.

आणि ह्यांचं नाव होतं ते कानासाठी. गिऱ्हाईक कटर घेऊन फाटकाशी यायचं. हे आत जेवत असायचे. हे तिथूनच सांगायचे, ‘सुरू कर.’ ते दोरी ओढायचं, मशीन चालायचं, आणि हे तोंडातला घास न संपवता म्हणायचे, ‘सायलेन्सर कोंदलाय. ऑइल जास्त घालतोस तू पेट्रोलात.’ किंवा, ‘प्लगची टोपी ढिली हाय, पिळून बसव आणि जा घरला.’ माणसं तोंडात बोट घालायची. मी भाकरी थापता थापता ऐकायची आणि उगाच पीठ जास्त मळायची.

कार्बोरेटरचा स्क्रू लावायचं काम तर सगळं कानाचंच. पेट्रोल किती सोडायचं ते त्या स्क्रूवर. दुसरे मिस्त्री फेरे मोजायचे. हे मोजणाऱ्याला हसायचे. म्हणायचे, ‘जुनं मशीन हाय. झिजलेल्या स्क्रूचे फेरे कसले मोजतोस? त्याचा घसा ऐक. फुल रेस दिली की घशात जरा कफ पायजे, खरखर पायजे. लाकडात घातलं की घसा आपोआप मोकळा होतोय. पण मोकळ्या हवेतच घसा साफ झाला आणि चिरकायला लागलं, तर समज पेट्रोल कमी पडतंय. मग पिस्टन तापणार आणि चिकटणार.’ हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

तर त्या दिवशी भाकरी निवली, आणि रस्त्यावरून जाड आवाज आला, ‘जानबाऽ’. हे लगेच उठले. मी पदर खोचून मागे गेले. म्हटलं, आज दस्तगीरभाईंच्या तोंडावरच ह्यांना विचारते.

पण दस्तगीरभाईंचं तोंड बघून मी गप्प बसले. त्यांच्या माणसांनी ट्रकमधून त्यांचा मोठा कटर खाली घेतला. हा कटर तालुक्यातला पहिला. त्यांच्या वडिलांनी आणलेला. नदीकाठची जुनी जांभळं नि ऐन ह्याच्याशिवाय कुणाला आडवी झाली नसती. गेल्याच महिन्यात ह्यांनी तो उघडून, धुऊन, लावून दिला होता.

‘परत चिकटला,’ दस्तगीरभाई म्हणाले.

ह्यांनी दोरी ओढली. दोरी हललीच नाही.

‘पेट्रोल कुठलं घातलंस?’

‘तू सांगितलंस तिथलं.’

‘ऑइल?’

‘तूच मोजून दिलंस, जानबा.’

हे खाली बसले आणि सायलेन्सर काढला. सायलेन्सरच्या भोकातून आतला पिस्टन दिसतो. मी ह्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, मांजरानं नखं मारल्यासारखे. प्लग काढला. प्लगचं टोक चांगल्या मशिनीत भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं असतं. ह्याचं पांढरं फटक, चुन्यासारखं.

‘कुठंतरी वारं ओढतंय,’ हे म्हणाले. ‘पेट्रोल कमी, वारं जास्त. सील गेलं असंल.’

‘सील तू बदललंयस की गेल्या खेपेला.’

‘मग गॅस्केट.’

दस्तगीरभाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून फळीवर ठेवली. नवा पिस्टन.

‘केरळातनं मागवलाय, ट्रकवाल्याकडनं. ह्याच्यापुढं मिळायचा न्हाई. कंपनीनं काढायचा बंद केलाय.’ मग खाली बघत म्हणाले, ‘जानबा, तुझ्याकडनं गेलेला मानेंचा कटर चिकटला. तो पेरणोलीच्या गड्याचापण चिकटला. लोक माझ्याकडं बघून हाईत. मी अजून तुझ्याच दारात आलोय. पण हा पिस्टन गेला तर मशीन भंगारात, आणि मग मीबी गडहिंग्लजच्या मिस्त्रीकडं जाईन. तोंडावर सांगतो, मागनं न्हाई.’

‘न्हाई जायाचा,’ हे म्हणाले.

‘उद्या दुपारी येतो.’

एवढं होऊन गेलं, आणि ह्यांनी माझ्याकडं बघून काय म्हणावं? ‘भाकरी वाढ की. कधीची भूक लागलीय.’

मी भाकरी वाढली. आदळली म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हे शेडमध्ये. नवा पिस्टन घातला, रिंगा घातल्या, सगळे जोड पुसून बसवले. मग मला हातानं खूण केली, ये म्हणून. तोंडानं नाही, हातानं. कुत्र्याला बोलवल्यासारखं. मी तरी गेले, कारण कामाचं महत्त्व मला कळत होतं. ह्या दारातून कटर जायचे बंद झाले तर ह्या माणसाचं काय होईल, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. हे रिकामे बसलेले मी एकदाच बघितले होते, पायाला लागलं होतं तेव्हा. चार दिवसांत घरातली सगळी घड्याळं उघडून ठेवली होती.

‘पंप मार,’ म्हणाले.

मशीन वारं कुठून ओढतंय हे शोधायची त्यांची एक पद्धत होती. सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बंद करायचं, आणि प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपानं आत हवा भरायची. मग सगळ्या जोडांवर रिठ्याचा फेस लावायचा. कुठं गळत असेल तिथं बुडबुडा येतो. बुडबुडा नाही आला, तरी शेवटी कान लावून बघायचं. ते म्हणायचे, डोळ्याला न दिसणारी गळती कानाला सापडते.

मी पंप मारायला लागले. ह्यांनी फेस लावला. बुडबुडा नाही. सील बघितलं, गॅस्केट बघितलं, रबराची नळी वाकवून बघितली. कुठंच काही नाही.

मग ह्यांनी डोळे मिटले आणि मशिनीला कान लावला.

त्या वेळी पंपाची नळी जिथं प्लगच्या भोकात बसवली होती तिथून हवा निसटत होती. सूंऽऽऽ. सापानं फूत्कारावं तसा बारीक, सरळ आवाज. मी पंपाला धरून दोन हात लांब उभी, मला स्वच्छ ऐकू येत होता. ह्यांचा कान त्याच्यापासून वीतभरसुद्धा नव्हता.

‘एकदम गप हाय,’ हे डोळे मिटूनच म्हणाले. ‘कुठंसुद्धा गळत न्हाई.’

मी पंप मारायचं थांबले.

‘अवं,’ मी म्हटलं, ‘नळी सुटलीय.’

हे कान लावून तसेच.

मग ते उठले, माझ्याकडं पाठ करून फडक्यानं हात पुसायला लागले. आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी त्या पाठीला म्हटलं, ‘तुमच्या आईच्या हातची आमटी म्हणजे गुरं धुतलेलं पाणी!’

आता हे सांगायला पाहिजे, की आमच्या सासूबाईंबद्दल वाकडा शब्द ह्यांनी कधी खपवून घेतला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी नुसतं ‘मीठ जास्त झालंय’ म्हटलं होतं, तर हे ताटावरून उठले होते.

हे शांतपणे एक एक बोट पुसत राहिले. फडकं झटकलं, घडी घातली आणि खिळ्याला लावलं.

पंपाचा दांडा हातात तसाच राहिला. कुठली बाहेरची बाई आणि कुठलं काय! त्यांच्याशी न बोललेले ते आठ दिवस मला आठवले, तापाचा बाजार आठवला, आणि सोप्यावर उभी राहून मी मारलेल्या हाका एकामागून एक आठवल्या.

तेवढ्यात लांबून ट्रकचा हॉर्न वाजला. भोंऽऽ. ह्यांनी लगेच मान वर केली.

‘आला दस्तगीर,’ म्हणाले. ‘च्या टाक.’

म्हणजे जाड आवाज येत होता. ट्रक येत होता, दस्तगीरभाई येत होते, गडी येत होते. बारीक तेवढं येत नव्हतं. आणि कटर जेव्हा पेट्रोलाला आसुसतो तेव्हा चिरकतो तो बारीकच. ह्यांना त्यातली नुसती खालची घरघर ऐकू येत असणार, आणि ती घरघर ह्यांना पाहिजे त्यापेक्षा जास्त खरखर वाटत असणार. म्हणून पेट्रोल कमी करायला हे स्क्रू आवळत जायचे. मशीन वर किंचाळायचं, आणि हे खाली कान देऊन म्हणायचे, अजून घशात कफ जास्त आहे.

मी चहा टाकला. दूध उतू गेलं. काय करावं सुचेना. चारचौघांत ‘तुम्हाला ऐकू येत न्हाई’ म्हणून सांगायचं? ऐकून मशीन लावणाऱ्या जानबाला? त्यापेक्षा मी विहिरीत उडी घेतली असती. आणि नाही सांगायचं, तर दस्तगीरभाईंच्या डोळ्यांदेखत तो शेवटचा पिस्टन जाणार होता.

बाहेर दस्तगीरभाई बाकावर बसले होते, दोन माणसं उभी होती. ह्यांनी कटर फळीवर ठेवला, पेट्रोल भरलं, दोरीला हात घातला. मी खुंटीवरचं सूप काढलं, त्यात डब्यातले तांदूळ ओतले आणि शेडच्या समोर, ह्यांना सरळ दिसेन अशी, पायरीवर जाऊन बसले.

‘वैनी, आता ह्या वेळेला पाखडाय बसलासा?’ दस्तगीरभाई म्हणाले.

‘पाव्हणे येणार हाईत,’ मी म्हटलं.

दोरी ओढली. पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा फटफट करून मेलं. तिसऱ्यांदा धरलं, आणि शेडचा पत्रा थरथरायला लागला. किती दिवसांनी तो मोठा कटर बोलत होता. मी तांदूळ पाखडत होते आणि कान तिकडं.

ह्यांनी जरा वेळ गरम होऊ दिलं. मग फुल रेस दिली. आवाज चांगला होता, भरलेला होता, घशात खरखर होती. तिथंच सोडलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ह्यांनी मान तिरकी केली, कपाळाला आठी घातली आणि स्क्रूड्रायव्हर उजवीकडं फिरवायला सुरुवात केली. आवळत चालले.

खरखर कमी झाली. मग गेली. मग कटर चिरकायला लागला.

मी सूप थांबवलं.

ह्यांचं लक्ष नाही. अजून आवळतायत. माझे दात शिवशिवायला लागले, इतका तो आवाज वर चढला. दस्तगीरभाई बाकावरून अर्धे उठले. त्यांनासुद्धा ऐकू येत होतं, फक्त काय ऐकू येतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मी सूप उचलून पायरीवर आपटलं. त्याचा आवाज कटरच्या आवाजात कुठला ऐकू येतोय! पण तांदूळ पांढरे सांडले ते ह्यांना दिसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ‘ही बाई वेडी झाली काय’ अशा नजरेनं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आणि सुपाच्या काठावर बोट टेकवून डावीकडं फिरवलं. बरणीचं झाकण उघडतात तसं. एकदाच.

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मला वाटलं, आता हे मशीन बंद करणार. आता हे स्क्रूड्रायव्हर फेकणार आणि आत निघून जाणार, आणि मग सगळंच गेलं. ह्यांचा ताठा मला माहीत होता. तो माझ्यापेक्षा बोटभर कमी असेल, जास्त कमी नाही.

कटर किंचाळत होता. हे माझ्याकडं बघत होते. मी बोट हलवलं नाही.

मग स्क्रूड्रायव्हर डावीकडं फिरला. केसभर.

मी मान खाली घालून सुपात उरलेले तांदूळ पाखडायला लागले. त्यांना कळलं. मी पाखडतेय तोवर फिरवायचं. अजून केसभर. चिरकणं उतरलं. अजून जरा. घशात कुठूनतरी कफ यायला लागला, आधी तुटक, मग सारखा. खरखर, खरखर, खरखर. अगदी आमच्या लग्नाच्या वर्षी शेडमधून यायची तशी.

मी सूप थांबवलं. स्क्रूड्रायव्हर थांबला.

ह्यांनी कटर उचलला आणि बाहेर पडलेल्या ऐनाच्या ओंडक्यात घातला. लाकडात शिरल्याबरोबर घसा मोकळा झाला. भुशाचा फवारा उडाला आणि ओंडका लोण्यासारखा दोन झाला. दुसरा काप, तिसरा काप. मग मशीन बंद करून ह्यांनी प्लग काढला, फडक्यात धरून दस्तगीरभाईंना दाखवला. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग.

‘हाच!’ दस्तगीरभाई म्हणाले. ‘हाच आवाज! बाबांच्या वेळचा! काय झालं होतं रे?’

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतात. पण म्हणाले, ‘बारीक दोष होता. सापडला.’

माणसांनी कटर ट्रकमध्ये चढवला. दस्तगीरभाई चहाचा कप ठेवायला पायरीपाशी आले. मी सांडलेले तांदूळ गोळा करत होते. ते वाकले, दोन दाणे उचलून माझ्या सुपात टाकले आणि हळूच म्हणाले, ‘वैनी, मी जंगलात जन्म काढलाय. कटर चालू असताना माणसं हातानं कशी बोलतात ते मला कळतंय.’

माझा हात थांबला.

‘तांदूळ चांगलं हाईत,’ ते मोठ्यानं म्हणाले, ‘जरा जास्तच पाखडलासा,’ आणि ट्रककडं गेले.

त्यानंतर मरेपर्यंत दस्तगीरभाई कटर आमच्याच दारात आणत राहिले. मानेंनाही घेऊन आले. आणि ह्या गोष्टीचा एक शब्द त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. उलट आल्या आल्या विचारायचे, ‘वैनी घरात हाईत न्हवं?’ मी घरात नसले, तर ‘थांबतो जरा’ म्हणून बाकावर बसून राहायचे. किती वर्षं मी त्या पायरीवर बसून काय काय पाखडलं! तांदूळ, नाचणी, हरभरे, काही नसेल तर नुसतं रिकामं सूप. येणारी माणसं म्हणायची, सुताराची बायको मोठी कामसू. मी म्हणायची, असणारच.

पण ते पुढचं. त्या दिवशी ट्रक वळणाआड गेला तेव्हा हे शेडमध्ये उभे होते, माझ्याकडं पाठ करून. मी हाक मारली नाही. सरळ गेले आणि समोर जाऊन उभी राहिले.

‘कधीपास्नं?’ मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडं बघत होते. एवढे दिवस मला कसं कळलं नव्हतं!

‘गेल्या पावसाळ्यापास्नं,’ ते म्हणाले. ‘रातकिडे गप झाले. मला वाटलं कुणीतरी औषध मारलंय.’

‘रातकिडे?’

‘त्यांच्या मागनं तू गेलीस,’ ते म्हणाले. ‘माणसांत पयला तुझा आवाज गेला. तोंड हललेलं दिसायचं. कळायचं न्हाई. म्हणून मग मी बघायचंच सोडलं.’

मला रडायला आलं. पण मी रडले नाही, कारण रागही आला होता आणि तो रडण्याच्या आधी आला होता.

‘म्हणजे तुमाला ठावं होतं! आणि मी हितं वरडून वरडून—’

‘वरडू नगो.’

‘का वरडू नगो? शंभरदा वरडीन! बायको मेली काय, जगली काय—’

‘हौसा,’ ते म्हणाले. हात वर केले, दोन्ही, काळ्या तेलाचे. ‘तू वरडलीस की तुझा आवाज वर चढतोय. मग काईच येत न्हाई. हळू बोल. जाड बोल. दस्तगीरवानी.’

आता बघा. मी पाटलांच्या शेजारच्या घरात वाढलेली बाई. माझ्या आवाजाला गावात मान होता. माझ्या ओव्या ऐकायला बायका जात्यापाशी येऊन बसायच्या. आणि हा माणूस मला लाकडाच्या व्यापाऱ्यासारखं बोल म्हणत होता.

‘दवाखान्यात दावलं?’

‘कोल्हापुरात. मशिनीच्या आवाजानं झालंय म्हणाला डाक्टर. परत यायचं न्हाई.’

‘एकटेच गेलासा?’

त्यांनी मान हलवली. ‘कुणाला सांगू? जानबाला ऐकू येत न्हाई म्हटल्यावर दारात कोण येणार? फेरे मोजून लावायचं म्हटलं तर हात धजंना. म्हटलं, खालचा आवाज येतोय, तेवढ्यावर भागंल. मानेंचा चिकटला तवा कळलं, भागत न्हाई.’ त्यांनी फळीवरचा तो ओरखडलेला जुना पिस्टन उचलला, उलटा-सुलटा केला. ‘तुला सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण तू मला नवरा केलंस ते मशिनीचा दोष कानानं काढणारा म्हणून. तुझ्या बापानं मला ह्या कानावर पोरगी दिली.’

ते खरं होतं. माझ्या वडिलांच्या गिरणीचं इंजिन ह्यांनी दारातून ऐकून दुरुस्त केलं होतं, आणि वडील त्याच दिवशी घरात येऊन आईला म्हणाले होते की पोरगा ठरला.

मी त्यांच्या हातातला पिस्टन काढून घेतला आणि फळीवर ठेवला. मग त्यांच्या कॉलरला धरलं, म्हणजे पाठ फिरवायला जागा राहू नये. आणि छातीतून, जेवढा जाड काढता येईल तेवढा जाड आवाज काढला. शेडच्या दारातून जाऊ डोकावून बघत होती. बघू दे म्हटलं.

‘नीट ऐका,’ मी म्हटलं. ‘येतंय?’

‘येतंय.’

‘कान गेलं ते मशिनीनं नेलं. त्यात तुमची चूक न्हाई, आणि त्याचं मला काई न्हाई. पण तुमी ते एकट्यानं घेऊन हिंडलासा, एकट्यानं कोल्हापूरला गेलासा, आणि मला वर्षभर नकोशी झाल्यावानी पाठ दाखवलीसा, ते बहिरेपण न्हवं. तो माज हाय. उद्यापास्नं मी समोर बसल्याबिगर ह्या शेडमधल्या एका स्क्रूला हात लावायचा न्हाई. बहिरा नवरा मला चालंल, जानबा सुतार. न सांगणारा चालायचा न्हाई.’